पांढरेपणाचा मोह

ग्रीक शिल्प म्हटले की शुभ्र संगमरवर डोळ्यांसमोर येतो. पण अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरावरील शिल्पे मुळात रंगवलेली होती! शिवाय पेंटेली डोंगरातल्या या संगमरवरात लोहाचा अंश असतो. त्यामुळे उघड्यावर तो मधासारखा पिवळसर होत जातो. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये १९३७-३८ साली शिल्पे पांढरी दिसावीत म्हणून तांब्याच्या हत्यारांनी हा थर खरवडला गेला. असा गेलेला पृष्ठभाग परत कुठून आणणार? तरीही रंगाचे काही कण वाचले. ‘इजिप्शियन निळा’ या रंगावर तांबडा प्रकाश टाकला, की तो अवरक्त किरण सोडतो. विशेष कॅमेऱ्याने हे किरण टिपल्यावर २००९ साली आयरिस देवतेच्या कमरपट्ट्यावर निळा रंग सापडला. लंडनला गेलेल्या प्रवाशाच्या डोळ्यांना मात्र तिथे नुसता दगडच दिसतो.