तान्ह्या बाळाची प्रतिकारशक्ती खरंच कमी आहे का?

पावसाळा लागला की कोल्हापुरातले बरेच आईवडील हा प्रश्न विचारतात. बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असंच असतं. लहान मुलांना वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी-खोकला होणं नेहमीचं आहे, त्यातही मोठं भावंड शाळेत जात असेल तर नक्कीच. मधल्या काळात बाळ खेळत असेल, वजन वाढत असेल, तर ‘इम्युनिटी’ची सिरप विकत आणू नका.

पण पहिल्या काही महिन्यांतच न्यूमोनिया, न थांबणारे जुलाब, तोंडात पुन्हा पुन्हा येणारी पांढरी बुरशी आणि वजन जागच्या जागी, असं असेल तर थांबू नका. यामागे ‘एससीआयडी’ हा दुर्मिळ जन्मजात आजार असू शकतो. जन्मतः बाळ धडधाकट दिसतं, पण संसर्गाशी लढणाऱ्या टी-पेशी त्याच्याकडे जवळजवळ नसतात. आईकडून आलेली प्रतिपिंडं ही उणीव भरून काढू शकत नाहीत. उपचाराशिवाय बहुतेक बाळं एक-दोन वर्षांतच दगावतात.

पहिला सुगावा अनेकदा तुमच्याच फाईलमध्ये असतो. सीबीसी रिपोर्ट काढा. एकूण पांढऱ्या पेशी ६००० आणि लिम्फोसाइट २० टक्के असतील, तर लिम्फोसाइट झाले १२००. मोठ्या माणसाला हा आकडा चालतो. तान्ह्या बाळात ३००० च्या खालचा आकडा शंकास्पद धरतात. रिपोर्टवर छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा बऱ्याचदा मोठ्यांची असते, म्हणून खूण दिसत नाही. आकडा कमी असेल तर डॉक्टरांना थेट दाखवा.

घरातल्या आजीलाही विचारा: आईच्या माहेरी कुणी मुलगे तान्हेपणीच गेले होते का? या आजाराचा एक प्रकार आईकडून मुलग्यांत उतरतो. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे नवं नाही. नात्यातल्या लग्नात दोघेही एकाच दोषाचे वाहक असण्याची शक्यता वाढते. मग प्रत्येक गरोदरपणात बाळाला धोका २५ टक्के. यात सुनेला बोल लावण्यासारखं काहीच नाही, दोष दोन्हीकडून येतो.

शंका असेल तर बीसीजी, तोंडावाटे पोलिओ आणि रोटाव्हायरस या जिवंत लसी डॉक्टरांना विचारूनच. (बीसीजीची जागा काही आठवड्यांनी पिकणं मात्र सामान्य आहे, त्याला घाबरून लसीकरण थांबवू नका.) पक्क्या निदानाच्या तपासण्या मुंबईत परळला, केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्थेत होतात. नमुना ताजा लागतो, म्हणून डॉक्टरांनी आधी बोलून घ्यावं.

मूळ उपचार म्हणजे अस्थिमज्जा प्रत्यारोपण. पहिल्या साडेतीन महिन्यांत, संसर्ग होण्याआधी झालं तर दहापैकी नऊहून अधिक बाळं वाचतात. खर्च मोठा आहे, पण केंद्राच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात हा आजार आहे आणि ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. त्यासाठी केईएम हे नेमलेलं केंद्र आहे. तोवर बाळाला रक्त द्यायची वेळ आली, तर ते किरणोत्सारित केलेलंच हवं. हे फाईलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून घ्या.