पोर्टफोलिओ म्हणजे जाड फाईल नव्हे

सातारा-सांगलीकडील महाविद्यालयांत पोर्टफोलिओचा विषय निघाला की एक उद्गार हमखास ऐकू येतो : "हे तर आपले जुने जर्नलच! कागद जमवायचे, सही-शिक्का घ्यायचा, दप्तरी दाखल करायचे." हा समज इतका दृढमूल झाला आहे, की त्याचा सविस्तर परामर्श घेणे प्राप्त आहे.

जर्नल हा काम पुरे केल्याचा दाखला असतो. ते काम करताना विद्यार्थ्याची समज कशी व कोठे बदलली, हे त्यातून कळत नाही. बी.एड.चा छात्राध्यापक अपूर्णांकांच्या बेरजेचा सरावपाठ घेतो आणि निरीक्षक शेरा देतात : "नियम आधी सांगितला, उदाहरण मागाहून." पुढच्या पाठटाचणात तो कागदी पट्ट्यांच्या घड्या घालायला लावून नियम मुलांकडूनच काढवून घेतो आणि हा बदल का केला, अद्याप काय साधले नाही, हे अर्ध्या पानात लिहितो. पहिले टाचण, शेरा, दुसरे टाचण व ते अर्धे पान, एवढ्या निवडक कागदांच्या पोर्टफोलिओतून जे मूल्यमापन साधते, ते सुवाच्य अक्षरांतील तीस टाचणांच्या गठ्ठ्यातून साधणार नाही. २०१९च्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमापासून मिरज-कराडच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या हाती आलेल्या लॉगबुकालाही हाच न्याय लागू पडतो : कौशल्य केल्याची नोंद आणि त्यातून काय उमगले याचे चिंतन, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

या समजाखेरीज इतरही आक्षेप घेतले जातात. "गुण मर्जीवर अवलंबून राहतील." ही शंका रास्त आहे. अमेरिकेतील व्हरमाँट राज्याच्या शाळांत १९९०च्या दशकारंभी पोर्टफोलिओवरून मूल्यमापनाचा प्रयोग झाला, तेव्हा परीक्षकांच्या गुणांत पुरेसा मेळ नसल्याचे रँड या संशोधन संस्थेच्या पाहणीत आढळले. पुढील वर्षी गणितात तो बराच सुधारला, लेखनात मात्र नाही. सबब निकष आगाऊ जाहीर करणे, परीक्षकांनी नमुने एकत्र तपासणे आणि दुसऱ्या परीक्षकाची तजवीज करणे अगत्याचे आहे.

"लेखी परीक्षा बाद होईल." मुळीच नाही, दोहोंची कामे वेगळी आहेत.

"हे कलाशाखेपुरतेच." अभियंत्याचा फसलेला आराखडा व त्याची दुरुस्ती हाही उत्तम पुरावा होय.

"संगणकाशिवाय अशक्य." साधी दोरीची फाईल पुरते.

"नक्कल होईल." कच्चे मसुदे मागावेत आणि दहा मिनिटे तोंडी प्रश्न विचारावेत, परक्याचे काम तेथे फार काळ टिकत नाही.

शेवटच्या आठवड्यात शंभर फायलींवर सह्या उरकल्या जातात, तेथे मात्र पहिला गैरसमज खरा ठरतो, आणि त्याचा दोष विद्यार्थ्याच्या माथी मारता येत नाही. पोर्टफोलिओचे फर्मान काढण्यापूर्वी प्राचार्यांनी सत्राच्या मध्यावर पोर्टफोलिओ वाचण्याचे तास शिक्षकांच्या वेळापत्रकात नेमून द्यावेत. कारण सुधारणेस अवसर असताना मिळालेला शेराच विद्यार्थ्याच्या कामी येतो.