डाग दिल्याने दुखणे जाते काय?

बैल लंगडू लागला की सळई लाल करून त्याच्या दुखऱ्या पायावर किंवा खांद्यावर डाग द्यायचा, ही आपल्याकडील जुनी पद्धत. डागाने आतले दुखणे जळून जाते, अशी समजूत त्यामागे आहे. ती कितपत खरी, हे पाहू.

अंडे उकडले की पांढरा बलक घट्ट होतो. तो पुन्हा पातळ होत नाही. शरीरातील पेशी अशाच प्रथिनांच्या बनलेल्या आहेत. 1947 साली अमेरिकेत मॉरिट्झ व हेन्रिक्स यांनी डुकराच्या निरोगी कातडीवर उष्णतेचे प्रयोग केले. 44 अंश सेल्सिअसला कातडी मरण्यास सुमारे सहा तास लागले. 60 अंशांना काही सेकंद पुरले. लाल झालेली सळई तर 500 अंशांच्या वर असते. तिने कातडी, बारीक रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू क्षणात मरतात. जखम चिघळते आणि मागे राठ वण राहतो. शिरेला चटका बसला तर तिचे तंतू आखडून दुबळे होतात.

मग काही बैल बरे कसे होतात? डाग दिल्यावर बैलाला औताला जुंपत नाहीत. मुरगळलेला पाय विश्रांतीने बरा होतो आणि श्रेय मात्र सळईला मिळते. इंग्लंडमध्ये शर्यतीच्या घोड्यांनाही असे डाग देत. तेथील पशुवैद्यकांनी 1983 साली अभ्यास प्रसिद्ध केला. डागाने शीर लवकर बरी होत नाही, असेच दिसून आले. सारंगखेड्याच्या बाजारात घोडा पारखणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

हीच समजूत माणसाच्या लेकरापर्यंत पोहोचते, तेव्हा जिवावर बेतते. मेळघाटात तान्ह्या बाळाचे पोट फुगले की तापलेल्या विळ्याने चटके देतात. फेब्रुवारी 2025 मध्ये तेथील अवघ्या 22 दिवसांच्या बाळाला असे चटके दिल्याचे उघडकीस आले. पोटातील विकार कातडी जाळून कसा जाणार? उलट जखमेतून जंतू शिरतात आणि दवाखान्याची मोलाची वेळ वाया जाते.

पिढ्यान्‌पिढ्या चालत आले म्हणून खरे मानू नका, स्वतः पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. विद्यार्थी मित्रांनो, गावात कोणी सळई तापवताना दिसला तर हे त्याला समजावून सांगा. जनावरासाठी पशुवैद्यकाला बोलवा. बाळाला विनाविलंब रुग्णालयात न्या. मुक्या जनावराची आणि तान्ह्या बाळाची वेदना टाळणे, हीच खरी करुणा.