एका पावासाठी १२९ किलो मैदा

फ्रेंच पावाची एक कृती लिहिण्यासाठी अमेरिकी पाककृतीलेखिका ज्युलिया चाइल्ड यांनी दोन वर्षं घालवली आणि त्यात सुमारे २८४ पौंड, म्हणजे १२९ किलोच्या आसपास मैदा खर्ची पडला. हा हिशेब त्यांनीच आपल्या आठवणींच्या पुस्तकात देऊन ठेवला आहे. कृती छापून आली १९७० साली, ‘मास्टरिंग द आर्ट ऑफ फ्रेंच कुकिंग’च्या दुसऱ्या खंडात, आणि ती झाली जवळपास वीस पानांची. घटक मात्र चारच: मैदा, पाणी, मीठ आणि यीस्ट.

चार घटकांच्या पदार्थाला वीस पानं का लागावीत? घरी अवघड बेकिंग शिकू पाहणाऱ्या प्रत्येकाने आधी हा प्रश्न सोडवावा, असं मला वाटतं. आपल्याकडे टाळेबंदीच्या काळात कितीतरी घरांत ओटीजी आला, यीस्टची पाकिटं फ्रिजमध्ये जाऊन बसली, सावरडो आणि क्रोसाँ ही नावं जिभेवर रुळली. पण कृती तंतोतंत पाळूनही पाव घट्ट होतो, वरचं कवच फिकट राहतं आणि करणारी व्यक्ती समजते की आपल्या हाताला गुणच नाही. दोष बहुतेक वेळा हाताचा नसतो. कृती ज्या भट्टीसाठी, ज्या हवेसाठी आणि ज्या पिठासाठी लिहिलेली असते, त्यांतलं आपल्या घरात काहीच नसतं.

ज्युलिया आणि त्यांचे पती पॉल या चाइल्ड दांपत्याची अडचण नेमकी हीच होती. फ्रान्समध्ये पाव घरी भाजण्याची रीतच नव्हती. कोपऱ्यावर बेकरी असताना तो खटाटोप करायचा कुणी आणि कशाला? त्यामुळे घरगुती ओव्हनमध्ये फ्रेंच पाव कसा करावा, याची भरवशाची कृती कुठे सापडत नव्हती. अमेरिकेत मात्र तसा पाव विकतही मिळेना, म्हणून क्नॉफ प्रकाशनाच्या संपादक ज्युडिथ जोन्स यांनी तो नव्या खंडात हवाच असा आग्रह धरला. ज्युलियाबाई पॅरिसच्या ‘ल कॉर्दों ब्लू’ या पाकशाळेत शिकलेल्या, पहिल्या खंडाने नावारूपाला आलेल्या. तरी पावाचे प्रयोग सुरू केले ते पॉल यांनी, मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजच्या घरात. दोघांचे पाव बराच काळ जमलेच नाहीत.

मग दोघं पॅरिसला रेमों काल्वेल यांच्याकडे गेले. काल्वेल हे दळण आणि बेकिंग शिकवणाऱ्या फ्रेंच संस्थेतले प्राध्यापक. त्यांनी करून दाखवलेली प्रत्येक पायरी या दोघांच्या आजवरच्या पद्धतीपेक्षा वेगळी निघाली. त्यांचं पीठ मऊ आणि हाताला चिकटणारं होतं. ते गार जागी, सावकाश, दोनदा फुगवलं जात होतं. आणि वळताना पिठाच्या वरच्या पापुद्र्याला ताण देणं हे फुगवण्याइतकंच महत्त्वाचं होतं. पीठ चिकटलं की आपला हात आपोआप मैद्याच्या डब्याकडे जातो. तो आवरणं हा काल्वेल यांच्याकडून घ्यायचा पहिला धडा. पुढे १९७४ साली त्यांनी आणखी एक साधी गोष्ट मांडली: मैदा आणि पाणी नुसतं कालवून वीस-तीस मिनिटं बाजूला ठेवा, मीठ नंतर घाला. तेवढ्या वेळात ग्लुटेनचे, म्हणजे पिठातल्या चिवट प्रथिनांचे, धागे आपले आपण जुळू लागतात आणि मळण्याचे कष्ट कमी होतात. पोळीची कणीक भिजवून झाकून ठेवणाऱ्या आपल्या बायकांना हे कुणी सांगायला नको. पण पावाची वेळ आली की आपणही ते विसरतो आणि पिठाशी झटापट करत बसतो.

पीठ सुधारलं तरी कवचाचा प्रश्न उरला होता. त्याचं उत्तर वाफेत आहे.

गार पीठ तापलेल्या भट्टीत गेलं की वाफ त्याच्या पृष्ठभागावर जमून पाणी होते. तसं होताना एका ग्रॅममागे सुमारे ५४० कॅलरी उष्णता ती पिठाला देते. त्यामुळे दोन गोष्टी घडतात. पृष्ठभाग ओला राहिल्याने लगेच कडक होत नाही आणि आतला वायू प्रसरण पावताना पाव मोकळेपणी वर येतो. शिवाय पृष्ठभागावरचा स्टार्च शिजून त्याची पातळ खळ होते, आणि तीच पुढे वाळून चकाकत्या, कुरकुरीत कवचात बदलते. वाफ हवी ती पहिली पंधरा-वीस मिनिटं. नंतर ती गेलीच पाहिजे, नाहीतर कवच चामट राहतं.

बेकरीत ही वाफ कुठून येते? मोठ्या यांत्रिक भट्ट्यांत ती सोडण्याची सोय असते. पण आपल्या गल्लीतल्या जुन्या विटांच्या भट्टीतही एका वेळी एवढे पाव आत जातात, की त्यांच्यातून निघणाऱ्या ओलाव्यानेच बंद भट्टी दमट होते. घरच्या ओव्हनमध्ये पाव एकच असतो, ओलावा थोडा असतो आणि जो असतो तो दाराच्या फटीतून निघून जातो. बेकरीवाल्याला ज्याचा वेगळा विचारही करावा लागत नाही, ते घरी मुद्दाम घडवावं लागतं. चाइल्ड दांपत्याने ते घडवलं असं: भट्टीच्या तापलेल्या लादीऐवजी ओव्हनमध्ये फरशी ठेवली आणि पाण्याच्या पसरट भांड्यात लालबुंद तापवलेला दगड किंवा लोखंडाचा तुकडा सोडला, की भसकन वाफ उठायची. त्यांची पहिली फरशी ॲस्बेस्टॉस-सिमेंटची होती. ॲस्बेस्टॉसचा धोका कळल्यावर तिची जागा साध्या लाल मातीच्या फरशीने घेतली.

या साऱ्या खटाटोपाला सोपं केलं ते न्यूयॉर्कच्या ‘सलिव्हन स्ट्रीट बेकरी’च्या जिम लेही यांनी. त्यांची न मळता करायच्या पावाची कृती मार्क बिटमन यांनी नोव्हेंबर २००६ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये छापली आणि घरगुती बेकिंगचं वळणच बदललं. तीन कप मैदा, पाव चमचा इन्स्टंट यीस्ट, सव्वा चमचा मीठ आणि पीठ चांगलं चिकट होईल एवढं पाणी. कालवायचं आणि बारा ते अठरा तास झाकून ठेवायचं. मळण्याचं काम वेळ करतो. भाजायचं झाकणाच्या जड भांड्यात: भांडं सुमारे २३० अंशांच्या ओव्हनमध्ये अर्धा तास रिकामंच तापवायचं, पीठ त्यात सोडून झाकण लावायचं, आणि अर्ध्या तासाने झाकण काढून रंग येऊ द्यायचा. पावातून निघालेली वाफ झाकणाखाली कोंडली जाते आणि भांडं हीच एक छोटी भट्टी होते. मला हा घरगुती बेकिंगमधला गेल्या अर्धशतकातला सर्वांत मोठा शोध वाटतो.

मराठी घरात त्यासाठी बिडाचं भांडं चालतं. बिडाची खोल कढई आणि तिच्यावर नीट बसणारं धातूचं जड झाकण एवढं पुरे. प्लास्टिकची मूठ किंवा काचेचं झाकण मात्र नको. आपल्याकडे केक वर्षानुवर्षं शिट्टी आणि रबर काढलेल्या कुकरमध्ये, तळाशी वाळू किंवा मीठ घालून होत आलेत. ती युक्ती गुणाची असली तरी उष्णता खालूनच येत असल्याने वरचा भाग पांढुरका राहतो. केकला ते चालतं, या पावाला नाही. ओटीजी घेतानाही अंशांआधी आतली उंची पाहा. झाकण लावलेलं भांडं वरच्या कॉइलपासून चार बोटं दूर राहिलं पाहिजे.

खरी फसगत होते ती वेळेच्या आकड्यांत. लेहींचे अठरा तास हे साधारण २१ अंशांच्या खोलीतले आहेत. मे महिन्यात नागपूरच्या स्वयंपाकघरात तेवढा वेळ ठेवलेलं पीठ आंबट होऊन खाली बसलेलंच सापडेल. इडलीचं पीठ उन्हाळ्यात लवकर वर येतं आणि थंडीत त्याला घोंगडीत गुंडाळावं लागतं, हे आपण जन्मापासून पाहतो. यीस्टचंही तसंच आहे: आठ-दहा अंशांनी ऊब वाढली की आंबण्याचा वेग जवळपास दुप्पट होतो. म्हणून घड्याळाकडे नको, पिठाकडे पाहावं. फुगलेल्या पिठाचा माथा घुमटासारखा असेपर्यंत त्याच्यात जीव आहे. माथा मधोमध सपाट होऊन बारीक भोकं पडू लागली की भाजायला घ्यायलाच हवं. वळून ठेवलेल्या पिठात पीठ लावलेलं बोट हलकेच दाबावं. खळगा झटकन भरला तर थांबा, सावकाश आणि अर्धवट भरला तर पाव तयार आहे, आणि भरलाच नाही तर उशीर झाला.

पाण्याचंही तेच. परदेशी कृतीतले कप बाजूला ठेवून दोन-तीनशे रुपयांचा साधा वजनकाटा आणावा. बेकरीवाले मैदा शंभर धरून बाकी सगळं त्याच्या टक्केवारीत मोजतात: ४०० ग्रॅम मैदा आणि ३०० ग्रॅम पाणी म्हणजे ७५ टक्के. एकदा असं मोजायला लागलं की मैद्याचं पाकीट बदललं तरी पाच टक्क्यांनी पाणी कमी-जास्त करून पाहता येतं. आपल्या बाजारातल्या साध्या मैद्यात प्रथिनं परदेशी ब्रेडच्या मैद्याहून बहुधा कमीच असतात. म्हणून सुरुवात ७० टक्क्यांनी करावी आणि पीठ सैल वाटलं तर अर्ध्या-अर्ध्या तासाने ओल्या हाताने चारी बाजूंनी ओढून त्याच्याच अंगावर दुमडावं. तिसऱ्या घडीला ते हाताखाली ताठ उभं राहायला लागतं, आणि तो बदल बोटांना स्पष्ट कळतो. गिरणीच्या कणकेची गोष्ट आणखी निराळी. तिच्यातला कोंडा ग्लुटेनचे धागे तोडतो, आणि जात्याखाली भरडलेला स्टार्च पाणी जास्त पितो. एकदम पूर्ण गव्हाचा पाव करायला जाण्यापेक्षा मैद्यात पाव हिस्सा कणीक घालावी आणि पाणी थोडं वाढवावं.

आणि भाजल्यावर पाव लगेच कापू नये. ओव्हनमधून बाहेर येताना त्याचा गाभा ९५ अंशांच्या पुढे असतो, आतला स्टार्च अजून बसायचा असतो. तासभर जाळीवर ठेवला नाही तर सुरीला लगदा लागतो आणि उत्तम भाजलेला पावही कच्चा वाटतो.

आजच्या शिकणाऱ्यांबद्दल माझी एकच तक्रार आहे. या आठवड्यात सावरडो, पुढच्या आठवड्यात क्रोसाँ, त्याच्यापुढे आणखी काही, असं केल्याने फोटो मिळतात, पण हात तयार होत नाही. चाइल्ड दांपत्याने दोन वर्षं एकाच पावाचा पिच्छा पुरवला, तेव्हा कुठे ती वीस पानं लिहिता आली.

दिवाळीत नानकटाईसाठी माळ्यावरून उतरवलेला ओटीजी फराळ झाल्यावर परत वर टाकू नका. कार्तिकापासून माघापर्यंत पुण्या-नाशकाकडची स्वयंपाकघरं रात्री विशीच्या आसपास असतात, म्हणजे लेहींच्या कृतीतली हवा आपल्याकडे आपसूक येते. एकच मैदा, एकच भांडं आणि एकच पाव धरा. दर वेळी पाणी, खोलीचं तापमान आणि लागलेले तास वहीत टिपा, आणि संक्रांतीपर्यंत दुसरी कृती उघडू नका.