पडद्यामागचे हिशेब (भाग ७) : यार्डातल्या गाडीचं वय

गेल्या भागात किराणा दुकानाची उधारी पाहिली. आज मोटारींच्या डीलरकडे जाऊ. शोरूममध्ये नको, थेट मागच्या यार्डात. सहायक व्यवस्थापन लेखापालाची महिनाअखेर तिथेच सुरू होते. जाहिरातीत या पदाला बहुधा ‘एमआयएस अकाउंटंट’ म्हणतात.

मी हे काम शिकलो ते यार्डातल्या कडुनिंबाखाली. हातात यादी घ्यायची, प्रत्येक गाडीचा सतरा अंक-अक्षरांचा चासी नंबर वाचायचा आणि खूण करायची. एक गाडी दुसऱ्या शाखेत डेमोला गेलेली, एक बंपर बदलायला बॉडीशॉपमध्ये, एकीचं बिल झालेलं पण मुहूर्तासाठी ती इथेच थांबलेली. ‘सिस्टीममध्ये दिसतेय’ या उत्तरावर खूण करायची नाही, हे मला पहिल्याच महिन्यात बजावलं गेलं. त्याच झाडाखाली उभ्या एका गाडीची बॅटरी उतरली होती, टपावर पक्ष्यांची घाण वाळली होती. तिला येऊन १४० दिवस झाले होते.

डीलर नव्या गाड्या बहुतेक वेळा कर्जावर उचलतो. समजा गाडी १० लाखांची आणि व्याज वर्षाला १० टक्के. म्हणजे रोजचे २७४ रुपये. १४० दिवसांचे झाले ३८ हजारांवर. गाडीमागे डीलरला ४० हजार सुटत असतील, तर ते जवळपास सगळे बँकेने नेले. वर सवलत दिली की गाडी तोट्यात गेली. पण नफातोटा पत्रकात व्याज खाली एकरकमी येतं, त्यामुळे सेल्सच्या खात्यावर ती विक्री फायद्याचीच दिसते. हे व्याज गाडीगणिक लावून मालकापुढे ठेवणं हेच, माझ्या मते, या नोकरीतलं सगळ्यात मोलाचं काम आहे. पुढच्या महिन्यात कोणता रंग, कोणतं मॉडेल मागवायचं नाही, हे त्या एका रकान्यातून कळतं.

२०२५च्या सप्टेंबरात तर यार्डातल्या गाडीचं वय फारच महाग पडलं. २२ सप्टेंबरला, ऐन घटस्थापनेला, जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि मोटारींवरचा भरपाई उपकर गेला. मोठ्या एसयूव्हीवर आधी २८ टक्के कर आणि २२ टक्के उपकर होता. आता सरसकट ४० टक्के. डीलरने जुन्या साठ्यावर उपकर भरलेला होता, त्याची जमा लेजरमध्ये होती. पण ही जमा फक्त उपकरापोटीच वळती करता येते, आणि विक्रीवर उपकरच उरला नव्हता. १० लाख मूळ किमतीच्या एका गाडीमागे २ लाख २० हजार अडकले. ही रक्कम येणं म्हणून दाखवायची की खर्ची टाकायची? मालकाला आकडा गोड दिसावा म्हणून ती येण्यात दडपू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

जुन्या गाड्यांचा हिशेबही फसवा. ४ लाखांना घेतलेली गाडी साडेचारला विकली, तर खरेदीवेळी कराची जमा घेतली नसल्यास, १८ टक्के जीएसटी फरकाच्या ५० हजारांवर, म्हणजे ९ हजार. पण टायर आणि रंगकामाचे २० हजार त्या फरकातून वजा होत नाहीत. कर वेगळा आकारला नसेल, तर हातात उरतात २१ हजार. सेल्सवाले मात्र पन्नास सांगतात.

वर्कशॉपमध्ये उघडी राहिलेली जॉब कार्डं तपासायची. गाडी धुऊन गिऱ्हाईक घेऊन गेलं आणि कार्ड बंद झालं नाही, तर मजुरी आणि स्पेअर दोन्ही अधांतरी. दर आठवड्याला यादी काढली तर निस्तरतं.

बी.कॉम. होऊन या कामाच्या मुलाखतीला जाणाऱ्यांना एक सांगणं आहे. पगाराचं बोलण्याआधी यार्ड दाखवायला सांगा, आणि सगळ्यात जुनी गाडी किती दिवसांची आहे ते विचारा. पुढच्या आठवड्यात वॉरंटी क्लेम.