मामाजींचा चार्जर : दुरुस्त करावा की बदलावा?

मित्रहो, सुट्टीवरून होस्टेलला परत आलं की पहिल्याच दिवशी पार्किंगमध्ये एक ठरलेलं दृश्य दिसतं. महिनाभर उभ्या असलेल्या गाड्या, सेल्फ मारला की नुसतं 'टक्', आणि मग "ए, धक्का मार रे!" अशी आरोळी. कुणीतरी शहाणा सांगतो, "चार्जिंगला लाव, सकाळपर्यंत होऊन जाते." पण कशावर लावायची, किती वेळ, आणि सकाळपर्यंत तिच्याकडे बघणार कोण? हे प्रश्न मलाही कधी पडले नव्हते. पडले ते मागच्या उन्हाळ्यात, मामाजींच्या गॅरेजात.

मामाजींचं गॅरेज कोहमाऱ्याजवळ, मुंबई-कोलकाता महामार्गाला लागून. हा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग ५३ झाला, पण मामाजी अजून 'सहा नंबर'च म्हणतात. गॅरेजच्या पाटीवर आजही 'जि. भंडारा' लिहिलेलं आहे. १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला, पाटी मात्र तशीच राहिली. आणि कोपऱ्यातला बॅटरी चार्जर त्या पाटीपेक्षाही जुना! राखाडी पत्र्याची पेटी, समोर काट्याचा अ‍ॅमीटर, १ ते ६ आकड्यांचा गोल फिरवायचा स्विच, लाल-काळे चिमटे. उचलायला दोन माणसं लागतात. धानाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या आणि एरवी ट्रक-टेम्पोच्या कितीतरी बॅटऱ्या त्याने उठवल्या.

मे महिन्यात एका पिकअपवाल्याने संध्याकाळी आपली बॅटरी आणून दिली. सीलबंद, वर झाकणं नसलेली. मामाजींनी ती लावली आणि घरी गेले. सकाळी शटर उघडलं तर बॅटरी दोन्ही बाजूंनी फुगलेली, हात लावता येणार नाही इतकी गरम. पिकअपवाल्याचा त्या दिवसाचा फेरा बुडाला. मामाजींनी वाद घातला नाही, नव्या बॅटरीचे पैसे खिशातून दिले. त्याच आठवड्यात गॅरेजमधल्या पोराने ओल्या हाताने पेटीला हात लावला आणि हात झटकत मागे सरला. मग मामींनी निकालच दिला, "भंगारात द्या तो डबा!"

मामाजी माझ्याकडे वळले. "काहून बे, इंजिनेर होऊन राहिला न तू? सांग मंग, बिघडलं काय याचं?"

तिसऱ्या वर्षापर्यंत ट्रान्सफॉर्मरची समीकरणं सोडवली होती, पण पेटी उघडायची वेळ पहिल्यांदाच आली. प्लग काढला, पेटी उघडली. आत मोजून चारच वस्तू! एक ट्रान्सफॉर्मर, टप्पे बदलणारा स्विच, अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर बसवलेले दोन डायोड आणि अ‍ॅमीटर. ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्ट कमी करतो. त्याच्या दुसऱ्या वाइंडिंगला मधोमध एक टोक काढलेलं असतं. उरलेल्या दोन टोकांवरचे डायोड आळीपाळीने चालतात आणि लाटेचे दोन्ही अर्धे बॅटरीत जातात.

आमच्या आधीच्या पिढ्यांकडे सिलिकॉन डायोडही नव्हते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हेच काम आर्गॉन वायूने भरलेल्या बल्बवर आणि नंतर सेलेनियमच्या चकत्यांवर होत असे. ज्यांच्याकडे अजून सेलेनियमच्या चकत्यांचा चार्जर असेल, त्यांनी त्या जळू देऊ नयेत. त्यांचा धूर विषारी असतो.

आता तपासणी. मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवला. चांगला सिलिकॉन डायोड एका दिशेने साधारण ०.४ ते ०.७ दाखवतो, उलट्या दिशेने काहीच नाही. दोन्हीकडे शून्य दाखवलं तर तो शॉर्ट, दोन्हीकडे काहीच नाही तर तो तुटलेला. आमच्या दोनपैकी एक डायोड तुटलेला निघाला. म्हणजे चार्जर अर्ध्या लाटेवर चालत होता. मी विचारलं, "मामाजी, काटा कमी दाखवत होता काय?"

"हो न. पहिले तीन नंबरवर दहा अँपिअर घेत होता. दिवाळीपासून पाचावर टाकतो, तवा कुठं घेते."

इथे खरी गोष्ट सापडली. डायोड गेल्यामुळे करंट अर्धा झाला, म्हणून मामाजींनी टप्पा वाढवला. संध्याकाळी काटा नेहमीसारखा दिसला, पण आता मागून ढकलणारं व्होल्टेज जास्त होतं. बॅटरी भरत आली की तिचं स्वतःचं व्होल्टेज चढतं आणि करंट आपोआप उतरतो. वरच्या टप्प्यावर तो पुरेसा उतरेना.

त्यात रात्रीची लाइन. आजूबाजूचे शेतीपंप बंद झाले की आपल्याकडे व्होल्टेज चढतं, हे आपण पंख्याच्या आवाजावरूनही ओळखतो. ढोबळ हिशेब करून बघा. चार्जर आतून १७ व्होल्टने ढकलतो आणि बॅटरी १४ वर आहे असं धरा. करंट ठरतो तो मधल्या फरकावर, म्हणजे ३ व्होल्टवर. लाइन १० टक्के चढली की १७ चे १८.७ होतात आणि फरक होतो ४.७. व्होल्टेज वाढलं दहा टक्के, करंट मात्र दीडपटीहून जास्त! संध्याकाळी बघितलेला काटा मध्यरात्री तिथे नसतो तो असा.

भरलेल्या बॅटरीत हा करंट जातो कुठे? पाण्यात. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात. चार्जिंगमध्ये व्होल्टेज साधारण १४.४ च्या वर गेलं की आतल्या पाण्याचं हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊ लागतं. फॅरेडेचा नियम आपण पहिल्या वर्षी पाठ केला होता, तो इथे कामाला येतो. भरलेल्या बॅटरीत ५ अँपिअर ८ तास गेले, म्हणजे ४० अँपिअर-तास. एका अँपिअर-तासाला प्रत्येक सेलमधलं सुमारे ०.३४ ग्रॅम पाणी फुटतं. सहा सेलचं मिळून ८० ग्रॅम, आणि हायड्रोजन सुमारे १०० लिटर! हवेत हायड्रोजन ४ टक्क्यांवर गेला की ठिणगीने पेटतो. पूर्ण खोलीत एवढा जमायला बऱ्याच बॅटऱ्या लागतील, पण बॅटरीच्या अगदी वर तो लवकर जमतो, आणि चिमटा काढतानाची ठिणगी नेमकी तिथेच पडते. शटर बंद असेल तर बोलायलाच नको.

जुन्या बॅटरीला वर सहा झाकणं असत. पाणी उडालं तर डिस्टिल्ड वॉटर टाकून मोकळं. सीलबंद बॅटरीत ती सोय नाही. गेलेलं पाणी गेलंच. वर आपल्याकडचा मे महिना! चार्जिंग व्होल्टेजचे आकडे बहुधा २५ अंश तापमानासाठी दिलेले असतात. १२ व्होल्टच्या बॅटरीला तापमान एक अंश वाढलं की व्होल्टेज साधारण ०.०२ ने कमी ठेवावं लागतं. ४५ अंशांना हा फरक ०.४ व्होल्ट होतो. म्हणजे १४.४ च्या जागी १४.० पुरे. जो आकडा हिवाळ्यात बरोबर, तोच मे महिन्यात बॅटरी शिजवतो.

हे सगळं मी मामाजींना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पहिले मी इथंच झोपत होतो. रात्री दोनदा उठून ग्रॅव्हिटी पाहात होतो. बुडबुडे आले का नंबर कमी करत होतो."

मित्रहो, मला वाटतं दुरुस्तीचा सगळा प्रश्न या तीन वाक्यांत आहे. या चार्जरला थांबायचं कधीच कळत नव्हतं. थांबवणारे मामाजी होते! ते साठी ओलांडून घरी झोपायला लागले आणि झाकणांच्या जागी सीलबंद बॅटऱ्या आल्या. मी नुसता डायोड बदलून दिला असता तर चार्जर 'दुरुस्त' झाला असता, पण पुढची बॅटरीही फुगलीच असती.

मग नवाच का घेतला नाही? नवे ऑटोमॅटिक चार्जर हुशार असतात. आधी भरपूर करंट देतात, मग व्होल्टेज धरून ठेवतात, शेवटी साधारण १३.६ वर नुसतं राखतात. पण मामाजींची तक्रारही खरी होती : "पूरी मेलेली बॅटरी लावली तर तो पेटतच नाही." अनेक नवे चार्जर आधी बॅटरीचं व्होल्टेज बघतात. ते फार खाली असेल तर बॅटरीच नाही असं समजून चालू होत नाहीत. जुना चार्जर काही न विचारता ढकलतो. ट्रॅक्टरच्या उतरलेल्या बॅटरीला सुरुवातीला तेच हवं असतं.

जुना ठेवण्याजोगा आहे का, हे आम्ही असं ठरवलं. आधी १०० वॉटचा बल्ब सिरीजमध्ये लावून बॅटरीशिवाय चालवला. बल्ब पूर्ण पेटला असता तर वाइंडिंग शॉर्ट समजायचं. तो मंद राहिला. मग लॅबमधून सरांच्या परवानगीने ५०० व्होल्टचा मेगर नेला. मेन लाइन आणि पेटी यांच्यामधला इन्सुलेशन रेझिस्टन्स एक मेगओहमच्याही खाली! पोराला बसलेल्या झटक्याचं कारण हेच. पण वायर सोडवून फक्त ट्रान्सफॉर्मर मोजला तर तो उत्तम. पत्र्याच्या भोकातलं रबर झिजून वायरच कापली गेली होती. ट्रान्सफॉर्मरमध्येच गळती निघाली असती, तर मामींचा निकाल कायम करून पेटी भंगारात दिली असती. तिथे हळवेपणा चालत नाही.

मग काम केलं ते एवढं :

१) दोन्ही डायोड बदलले, ४० अँपिअर, ४०० व्होल्टचे. एकच बदलला तर दुसरा, तितकाच म्हातारा, पाठोपाठ जातो. घेताना स्टडला कोणतं टोक आहे ते बघावं. काहींत कॅथोड असतो, काहींत अ‍ॅनोड. बाहेरून दोघे सारखेच दिसतात. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर हीट सिंकची पेस्ट लावून घट्ट बसवले.

२) दोन तारांची वायर काढून तीन तारांची टाकली आणि पेटीला अर्थिंग दिलं. बोर्डावर ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी बसवली. चिमट्यांच्या बाजूला फ्यूज.

३) व्होल्टेज कट-ऑफचं कार्ड आणि रिले. बॅटरी ठरवलेल्या व्होल्टेजला पोचली की रिले चार्जरची मेन लाइन तोडतो. रिले २३० व्होल्टच्या बाजूला लावला, कारण तिथे करंट कमी असतो. व्होल्टेज बघणाऱ्या बारीक तारा थेट चिमट्यांपर्यंत नेल्या. जाड केबलमध्ये पडणारं व्होल्टेज मोजणीत आलं तर कार्ड फसतं.

४) वर एक टायमर. कार्ड बिघडलं तरी चार तासांनी बंद.

सीलबंद बॅटऱ्यांसाठी मामाजींनी एक लहान ऑटोमॅटिक चार्जरही घेतला. जुना आता फक्त झाकणवाल्या बॅटऱ्यांना, आणि तोही गॅरेजात माणूस असताना. दोघांचा खर्च मिळूनही त्या फुगलेल्या बॅटरीपेक्षा कमीच झाला. ती फुगलेली बॅटरी बॅटरीच्या दुकानात परत दिली. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुनी बॅटरी नोंदणीकृत पुनर्प्रक्रियेकडेच जायला हवी. फोडून शिसं काढणाऱ्याला ती देणं म्हणजे शेजारच्या विहिरीत विष टाकणं.

होस्टेलच्या मित्रांनो, तुम्ही कुठेही बॅटरी लावाल तेव्हा एवढं पाळा. आधी चिमटे, मग बटन. काढताना आधी बटन, मग चिमटे. खिडकी उघडी, सिगारेट दूर. झाकणवाल्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर टाका, अ‍ॅसिड नाही, आणि तेही चार्जिंग झाल्यावर. प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच त्या बुडण्यापुरतं आधी. डोळ्यात अ‍ॅसिड उडालं तर निदान १५ मिनिटं साध्या पाण्याने धुवा आणि मग डॉक्टरकडे पळा. मोटारसायकलच्या लहान बॅटरीला गॅरेजचा मोठा चार्जर लावूच नका. तिच्या अँपिअर-तासांच्या दहाव्या भागाइतका करंट पुरे. ५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला अर्धा अँपिअर.

दिवाळीत पुन्हा कोहमाऱ्याला गेलो. संध्याकाळी मामाजी शटर ओढायला निघाले होते. ट्रॅक्टरची एक बॅटरी जुन्या चार्जरवर होती. मी काही बोलण्याआधीच ते परत आत गेले, बटन बंद केलं, मग चिमटे काढले आणि म्हणाले, "सकाळी लावतो. तवा मी असतो न इथं."

— तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी