विश्लेषण : एकच स्पोर्ट्स कार जपान आणि अमेरिकेत वेगवेगळी का?

मायदेशात विकली जाणारी स्पोर्ट्स कारच अस्सल आणि निर्यातीची गाडी म्हणजे तिची सौम्य आवृत्ती, असा समज मोटारप्रेमींमध्ये रूढ आहे. जपानमधील निसान कंपनीच्या ‘झेड’ मालिकेचा इतिहास मात्र या समजाला छेद देतो. गाडीची ताकद अभियंत्यांइतकीच त्या-त्या देशातील कर आणि नियमही ठरवतात, हे त्यातून दिसते.

नावापासूनच फरक?

ही कार १९६९ मध्ये जपानमध्ये ‘फेअरलेडी झेड’ नावाने दाखल झाली. हे नाव अमेरिकी ग्राहकांना रुचणार नाही, असे निसानचे अमेरिकेतील प्रमुख युताका कातायामा यांचे मत होते. त्यामुळे तेथे ती ‘डॅटसन २४० झेड’ म्हणून विकली गेली. यातील २४० हा आकडा २.४ लिटरच्या इंजिनाचा.

जपानमध्ये लहान इंजिन का?

मायदेशातील सर्वसाधारण फेअरलेडीला मात्र दोन लिटरचे, १३० अश्वशक्तीचे इंजिन होते. अमेरिकेतील गाडीची ताकद १५१ अश्वशक्ती होती. जपानमध्ये दोन लिटरपेक्षा मोठे इंजिन असलेली मोटार वरच्या वर्गात जात असे आणि तिच्यावरील वार्षिक कर बराच जास्त होता. ही मर्यादा ओलांडणे बहुतेक ग्राहकांना परवडणारे नव्हते. अपवाद ‘झेड ४३२’चा. स्कायलाइन जीटी-आरचे इंजिन असलेली ही १६० अश्वशक्तीची गाडी जपानपुरतीच होती. पण तिची निर्मिती झाली जेमतेम चारशेच्या आसपास.

अमेरिकेच्या नियमांनी काय बदलले?

सत्तरच्या दशकात अमेरिकेने प्रदूषणाचे नियम कडक केले. ताशी पाच मैल वेगाच्या धडकेत गाडीच्या सुरक्षा यंत्रणांना इजा होऊ नये, अशी अटही आली. परिणामी तेथील झेडला जाडजूड, वजनदार बंपर बसले. प्रदूषण नियंत्रणामुळे घटणारी ताकद भरून काढण्यासाठी इंजिन आधी २.६ आणि मग २.८ लिटरचे झाले. जपानमधील गाडीचे बंपर मात्र सडपातळच राहिले.

कायदा नसतानाही मर्यादा?

जपानने १९८९ मध्ये मोठ्या मोटारींवरील कराचा भार कमी केला. त्याच वर्षी आलेल्या नव्या झेडला तीन लिटरचे, दोन टर्बोचे इंजिन मिळाले. पण वाढत्या अपघातांच्या पार्श्वभूमीवर जपानी कंपन्यांनी आपसात २८० अश्वशक्तीची मर्यादा पाळायला सुरुवात केली होती. म्हणून जपानमधील झेड २८० वर थांबली. अमेरिकेत तीच गाडी ‘३०० झेडएक्स’ नावाने ३०० अश्वशक्तीची होती. हा संकेत २००४ मध्ये मागे घेण्यात आला.

ग्राहकांसाठी याचा अर्थ काय?

आज जुनी जपानी स्पोर्ट्स कार घेणारे अनेक जण ‘मायदेशी आवृत्ती’ म्हणून जादा पैसे मोजायला तयार असतात. पण नावावरून ताकद कळत नाही. गाडी कोणत्या वर्षाची, कोणत्या बाजारासाठी बनलेली आणि इंजिन कोणते, हे तपासावे लागते. भारतीयांना हे नवे नाही. चार मीटरपेक्षा कमी लांबी आणि लहान इंजिन असलेल्या मोटारींना आपल्याकडे करसवलत मिळू लागली आणि सेडानच्या डिक्क्याही आखूड झाल्या.